कौतिकला सूट नाही

कौतिक भोई शर्यत हरला तो पौषातला एक मंगळवार होता. तो का हरला, हे तापीकाठी जमलेल्या तीन-चारशे माणसांत मला एकट्यालाच ठाऊक होतं, अशा समजुतीत मी पुढची अठरा वर्षं काढली. ती समजूतही चुकीचीच निघाली म्हणा. पण ते नंतर.

आधी मी कोण ते सांगून टाकतो, म्हणजे माझी बाजू घ्यायचा मोह तुम्हाला व्हायचा नाही. सन अठ्ठावीस साली मी धुळ्याला एका सरकारी कचेरीत इंजिनियरसाहेबाचा कारकून होतो. सव्विसाव्या वर्षी माणसाला जेवढी अक्कल असते त्याच्या दुप्पट आपल्याला आहे, असं मला वाटायचं. इंग्रजी बरं होतं. साहेब बोलला की त्याचं मराठी करून लोकांना सांगायचं, लोक बोलले की त्याचं इंग्रजी करून साहेबाला सांगायचं, हे माझं काम. दोन्हीकडची माणसं माझ्याच तोंडाकडे बघत उभी. असल्या कामानं माणूस फुगतो हो! मीही चांगला फुगलो होतो.

कौतिकचं तसं नव्हतं. शिरपूरच्या खालच्या अंगाला तापीवर सावखेड्याचा घाट आहे, तिथं त्याची नाव चाले. बाप तिथंच नाव चालवायचा, आजाही तिथंच. अंगानं शिडशिडीत, पंचेचाळिशीचा, बोलणं जेमतेम. नाव पाण्यात असताना तर तो बोलतच नसे. बाजाराच्या बायका त्याला चिडवायच्या, "कौतिकभाऊ, तोंड घर ठेईसन उनात का?" तो आपला वाऱ्याकडे कान करून उभा. खरोखरच कान करायचा. बोट ओलं करून कानाच्या पाळीला लावायचा आणि क्षणभर थांबायचा, मग शीड किती सोडायचं ते ठरवायचा. पावसाळ्यात दोन्ही काठांची माणसं दुसऱ्या नावेत पाय ठेवायला तयार नसत. कौतिक जेवायला गेला असेल तर तो येईपर्यंत ओझी डोक्यावर घेऊन ताटकळत बसायची.

त्या घाटावर एक रीत होती. नावाड्यानं आपणहून नाव सोडायची नाही. माणसं बसली, ओझी चढली, की काठावरच्या कुणीतरी जाणत्यानं, मग तो पाटील असो की एखादी म्हातारी असो, "सूट रे!" म्हणायचं, मगच नावाड्यानं बांबू टेकायचा. फार पूर्वी कुणी नावाडी घाईनं सुटला आणि सतरा माणसं घेऊन बुडाला, तेव्हापासूनची रीत. पूर आला की पाटील घाटावर येऊन पाण्याकडे बघे आणि सांगे, "आज सूट नही." एवढं म्हटलं की नदी बंद. मग धुळ्याहून कुणी का येईना, नाव हलायची नाही. ही गोष्ट सावखेड्याच्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. मला नव्हती, कारण मी कधी कुणाला काही विचारलं नव्हतं.

आमचा साहेब समुद्रकाठचा. होड्यांचं त्याला वेड. धुळ्यात सुताराच्या छातीवर बसून त्यानं तीन लहान शिडाच्या होड्या करवून घेतल्या होत्या. त्यांना तो डिंगी म्हणे. नाताळ झाला की त्या बैलगाड्यांवर चढवायच्या आणि तापीवर न्यायच्या. सावखेड्याच्या घाटापासून वर महादेवाच्या देवळापर्यंत कोसभर लांबीचा डोह आहे, हिवाळ्यातही तुडुंब. तिथं छावणी पडायची. जंगलखात्याचा साहेब, पोलिसांचा साहेब आणि एक म्हातारा डॉक्टर असे त्याचे सोबती यायचे. पौषात तिथं असं हीव पडतं की सकाळी दातखीळ बसते, आणि वर सातपुड्यावरून उतरणारा वारा. साहेबांना तोच वारा हवा असायचा. अंगात दोन-दोन लोकरी बंड्या चढवून ही माणसं हौसेनं पाण्यात उतरायची आणि आपसात होड्यांची शर्यत लावायची.

त्या वर्षी नुसती हौस नव्हती. उन्हाळ्यापासून सावखेड्याला सरकारी तर, म्हणजे नदीपार न्यायची सोय, सुरू होणार होती. बैलगाडीच काय, मोटारही चढेल असा मोठा तराफा, तो चालवायला कायमचा एक पगारी तांडेल, आणि त्या घाटावरच्या बाकी नावा बंद. नावा होत्या दोनच. एक कौतिकची, दुसरी त्याच्या भाच्याची. भाचा झुलाल, तिशीचा, कौतिकच्याच हाताखाली तयार झालेला, सरळ माणूस. आता दोघांतला तांडेल कोण? साहेबाच्या डोक्यात आलं की या दोघांनाही शर्यतीत घ्यायचं. बक्षिसाचा पेला साहेब लोकांपैकी कुणीही घेवो, पण या दोघांत जो आधी देवळापाशी पोचेल तो तांडेल. साहेबाला हा फार मोठा न्याय वाटला. खरं सांगायचं तर मलाही वाटला.

मी घाटावर जाऊन दोघांना हे सांगितलं. झुलालनं मामाकडे बघितलं. कौतिकनं एकच विचारलं.

"अन् जो मांगे ऱ्हाई, त्यानी नाव?"

"ती ओढून काठावर ठेवायची. पाण्यात घालायची नाही. सरकारी हुकूम आहे."

त्यानं नावेच्या कडेवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. मग "बरं" म्हणाला. भोयाला दुसरी कामं नसतात असं नाही. नदीच्या वाळूत डांगरं-टरबुजं लावता येतात, मासे धरता येतात, भट्टीवर फुटाणे भाजता येतात. पण कौतिकला नाव सोडून दुसरं काही नको होतं. ते त्याच्या त्या हातावरून मलासुद्धा कळलं.

आता शर्यतीची तऱ्हा सांगतो. साहेबांची पद्धत अशी, की आदल्या दिवशी एकेक नाव एकटी सोडून घड्याळ लावायचं आणि कोणाला किती वेळ लागतो ते लिहून घ्यायचं. मग जी नाव हळू तिला दुसऱ्या दिवशी आधी सोडायचं, जी वेगवान तिला मागाहून. म्हणजे शेवटाला सगळ्या जवळजवळ बरोबर याव्यात आणि चुरस व्हावी. जेवढी मिनिटं आधी, तेवढी त्या नावेला सवलत. साहेबाच्या इंग्रजी शब्दाला मराठी काय म्हणावं यावर मी अर्धा तास घालवला आणि मला "सूट" हा शब्द सुचला. काय तो आनंद! दोन अक्षरी, सुटसुटीत, कुणालाही कळेल असा. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

सोमवारी घड्याळ लावलं. त्या दिवशी कौतिकनं जे करून दाखवलं ते बघून साहेबानं तोंडातली चिलीम काढली. नाव कसली, बाजाराची जाडजूड लाकडी नाव, शीड मांजरपाटाचं, ठिगळं लावलेलं. पण उत्तरेच्या काठाला पाच नाले तापीला मिळतात आणि प्रत्येक नाल्याच्या तोंडातून सातपुड्याचा वारा भडाभडा बाहेर पडतो. साहेब लोक मधोमध जात होते. कौतिक दोन नाल्यांच्या मध्ये खोल पाण्यात राही, आणि नाल्याचं तोंड आलं रे आलं की काठाला अशी नाव घाली की वारा बरोबर शिडात. पाची नाले त्याला पाठ. पाची होड्यांत सगळ्यांत कमी वेळ त्याचा लागला. तिन्ही डिंग्यांपेक्षाही कमी. साहेबानं मांडीवर थाप मारली.

संध्याकाळी त्यानं यादी केली. झुलालला नऊ मिनिटं. त्याला स्वतःला सहा, पोलिससाहेबाला चार, जंगलसाहेबाला दोन. सगळ्यांत खाली कौतिक, आणि त्याच्यापुढे शून्य. साहेब मला म्हणाला, त्याला नीट समजावून सांग, ही मानाची जागा आहे. सगळ्यांत चांगल्या नावेलाच ती मिळते. ती सगळ्यांत शेवटी सुटते आणि बाकीच्यांना गाठते.

दिवेलागणीला दोघे छावणीपाशी आले. वारा हाडं फोडत होता. मला माझ्या राहुटीत जाऊन घोंगडीत शिरायचं होतं. मी यादी वाचली.

"झुलाल, तुला नऊ मिनिटं सूट. कौतिक, तुला सूट नाही."

कौतिक बघत राहिला. "माले सूट नही?"

"नाही."

"कसाले, भाऊसाहेब?"

"कसाले म्हणजे? साहेबाचा हुकूम आहे. एकदा सांगितलेलं कळत नाही का रे?"

तो गेला. मानाची जागा, शेवटी सुटायचं, बाकीच्यांना गाठायचं, हे सगळं माझ्या तोंडात तसंच राहिलं. थंडीनं राहिलं असं मी पुष्कळ दिवस म्हणायचो. थंडी कसली? माज होता. भोयाला चार वाक्यं समजावून सांगायची माझी तयारी नव्हती, एवढंच खरं. पुढे मला कळलं, की त्या रात्री झुलाल त्याच्या घरी गेला आणि म्हणाला, "मामा, तुमी नही ते मीबी नही." कौतिक त्याच्यावर खेकसला, "तुले भेटनी शे, जाय तू."

मंगळवारी सकाळी तिन्ही साहेब आपापल्या डिंगीत बसले. झेंडा आणि घड्याळ माझ्या हातात. शेवटाला, वर देवळापाशी, म्हातारा डॉक्टर खुर्ची टाकून बसला होता आणि सगळं गाव तिकडेच लोटलं होतं. सुटण्याच्या जागी मी, साहेबाचं तट्टू धरून उभा असलेला मोतद्दार, आणि थोडं पलीकडे वाळूत शेकोटी करून बसलेले कौतिक आणि त्याची बायको तानुबाई. नाव अर्धी काठावर, शीड गुंडाळलेलं. मी मनात म्हटलं, बघा ऐट! शेवटी सुटायचंय म्हणून शेकत बसलाय.

झेंडा खाली केला, झुलाल सुटला. तीन मिनिटांनी आमचा साहेब. मग पोलिससाहेब, मग जंगलसाहेब. वारा असा की झेंडा हातात राहीना. नऊ मिनिटं भरली, मी कौतिकसाठी झेंडा खाली केला. कौतिक बसलेला. मला वाटलं, त्यानं पाहिलं नाही. पुन्हा झेंडा वर करून खाली केला. तो बघत होता, सरळ माझ्याकडे बघत होता, आणि हलत नव्हता. एक मिनिट गेलं. मग माझं टाळकं सरकलं आणि मी वाळूतून धावत सुटलो. वाळूत धावून बघा एकदा, बूट घालून.

"अरे, सुटत का नाहीस? झोपलास काय?"

"तुमीच काल सांगं ना, भाऊसाहेब," तो शांतपणे म्हणाला, "माले सूट नही."

त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मला काय झालं हे एका क्षणात कळलं. म्हणजे रीत कळली नाही, ती नंतर कळली. पण माझा शब्द त्याच्याकडे भलताच होऊन पोचला आहे, हे कळलं. "अरे बाबा, सूट नाही म्हणजे शेवटी सुटायचं! तुलाच सगळ्यांत... अरे ऊठ, ऊठ!" मी काहीबाही ओरडलो. तो ताडकन उठला. नाव पाण्यात ढकलली, शीड सोडलं, बांबू हातात घेतला आणि थांबला. माझ्याकडे बघत थांबला! मी हात हलवतोय, तो थांबलेला. शेवटी मागून तानुबाई गळा फाडून ओरडली, "सूट रे!" नवऱ्याला ती अहो-जाहो करायची. हे नवऱ्याला नव्हतं, नावेला होतं. बांबू टेकला आणि नाव गेली.

मी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं आणि वर थोडे सेकंद.

तट्टावर बसून मी दक्षिणेच्या काठानं निघालो. जे पाहिलं ते सांगायला माझ्याजवळ धड शब्द नाहीत. पहिल्या नाल्यापाशी त्याचं शीड एकदम फुगलं आणि नाव एका कुशीवर झाली. त्यानं अंग बाहेर टाकलं, पाठ पाण्याला लागत होती, त्या पाण्याला, पौषातल्या. दुसऱ्या नाल्यापाशी जंगलसाहेब मागे पडला. पोलिससाहेबानं वारा सोसेना म्हणून शीडच उतरवलं होतं. चौथ्या नाल्यापाशी कौतिकनं आमच्या साहेबाला गाठलं आणि मागे टाकलं, आणि साहेब, हरत असलेला साहेब, उभा राहून ओरडून त्याला शाबासकी देत होता. पुढे एकटा झुलाल. पाचवा नाला ओलांडताना दोघांत चार नावांचं अंतर होतं, मग दोन, मग एक. देवळाच्या पायऱ्यांना झुलालची नाव लागली तेव्हा कौतिकची एका नावेइतकी मागे होती. एक नाव! तीन मिनिटांत त्यानं असल्या वीस नावांचं अंतर कापलं असतं.

लोकांनी झुलालला उचललं. साहेब गळ्यापर्यंत भिजलेला, हसत माझ्याकडे आला आणि त्यानं सहज विचारलं, सगळ्या नावा वेळेवर सुटल्या ना?

मी हो म्हणालो.

इथं मी स्वतःवर कितीही तोंडसुख घेतलं तरी ते कमीच आहे. साहेब शिस्तीचा होता, पण वाईट नव्हता. खरं सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी शर्यत पुन्हा घेतली असती. मला शिव्या दिल्या असत्या, फार तर परत धुळ्याला धाडलं असतं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती आणि माझी पाचावर धारण बसली. संध्याकाळी सांगू असं मी ठरवलं. संध्याकाळी म्हटलं, सकाळी सांगू. गुरुवारी छावणी उठली.

पण त्याहून वाईट गोष्ट शर्यतीच्याच दिवशी दुपारी झाली होती. कौतिक ओल्या धोतरानं माझ्याकडे आला. तो भांडायला आला असं वाटून मी आधीच कपाळाला आठ्या घातल्या. तो म्हणाला, "भाऊसाहेब, घड्याळमा बठ्ठं धरेल शे ना?"

त्याला म्हणायचं होतं, की मी उशिरा सुटलो तो उशीर साहेबाच्या घड्याळानं हिशेबात घेतला असेल ना? आदल्या दिवशी प्रत्येकाची वेळ वेगळी मोजलेली त्यानं पाहिली होती. त्याला वाटलं, आजही तसंच. आणि मी, हा मी, म्हणालो, "हो रे. सगळं धरलंय."

त्यानं मान हलवली. मग तो झुलालकडे गेला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि घरी गेला.

माझी नोकरी कायम झाली. बढती झाली, जळगावला बदली झाली, परत धुळ्याला आलो. साहेब विलायतेला निघून गेला. कौतिकची आठवण यायची, नाही असं नाही, पण ती मी मारून टाकायचो. मी म्हणायचो, एक नोकरी गेली, लोकांच्या काय काय जातात. चाळिशी उलटली तेव्हा तर मला वाटत होतं, की माझ्या हातून कुणाचं फारसं वाकडं झालेलं नाही.

सेहेचाळीस सालच्या कार्तिकात झुलाल धुळ्याला कचेरीच्या कामासाठी आला आणि माझा पत्ता काढत घरी आला. तांडेल झुलाल, मिशा पिकलेल्या. चहा झाला. मी विचारलं, "कौतिक कसा आहे?" त्यानं बशी खाली ठेवली.

"मामा नावमा बसत नही, भाऊसाहेब."

"चालवत नाही?"

"बसतबी नही. त्या दिनपासून. म्हनतस, नदीनी माले टाकी दिधं."

मग त्यानं सांगितलं. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी कौतिकनं नाव काठावर पालथी घातली. तराफ्यावर हाताखाली ये म्हणून झुलालनं पाय धरले, आला नाही. पुराच्या पाण्यातली धार कुठं आहे विचारायला झुलाल जायचा, तर म्हणायचा, मला काय विचारतोस, मी हरलेला माणूस, माझा हात आणि कान दोन्ही खोटे निघाले. आपण बरोबर होतो आणि तरी हरलो, म्हणजे आपल्यालाच नदी कळत नाही, असा त्यानं अर्थ लावला होता. वाळूत डांगरं लावायचा. लेक इंदिराबाई पलीकडच्या काठाला दिलेली. चार महिने पाणी असलं की तो लेकीकडे जायचा नाही. उन्हाळ्यात नदी उतरली की गुडघाभर पाण्यातून चालत जायचा. इंदिराबाईला पहिली मुलगी श्रावणात झाली आणि भाद्रपदात गेली. समोरच्या काठावर नात जन्मली नि वारली, आणि या काठावरून त्यानं तिचं तोंड पाहिलं नाही.

झुलाल गेला. मी दोन दिवस जेवलो नाही म्हणालो तर खोटं होईल, जेवलो. एवढी वर्षं मी म्हणत होतो की त्याची नोकरी गेली. नोकरी नव्हे हो, त्याची त्याच्यावरची श्रद्धा गेली होती, आणि ती मी घेतली होती.

पौषात मी सावखेड्याला गेलो. तोच वारा, तेच हीव. कौतिक वाळूत डांगराच्या वेलांना गाडग्यानं पाणी घालत होता. खूप वाळला होता. मला त्यानं लगेच ओळखलं. "या, भाऊसाहेब," म्हणाला आणि गोणपाट पसरलं. तानुबाईची चौकशी केली. "गई ती. गया साले," म्हणाला.

मी प्रस्तावना केली नाही. मोठमोठ्या शब्दांनी माझा एकदा घात झाला होता. मी म्हटलं, "कौतिक, त्या दिवशी तू हरला नव्हतास. तू तीन मिनिटं उशिरा सुटलास, ती माझ्या चुकीनं. तुला घड्याळात सगळं धरलंय म्हणून मी सांगितलं, ते खोटं होतं. काही धरलेलं नव्हतं. मी साहेबाला भ्यालो."

गाडगं त्याच्या हातात तसंच होतं. त्यानं ते हळूच खाली ठेवलं.

"तीन मिनिट म्हंजे कितलं?"

त्याच्याकडे कधी घड्याळ नव्हतं. मी माझं खिशातलं काढलं आणि म्हटलं, "बस. मी सांगतो." आम्ही दोघं त्या वाळूत बसलो. मी काट्याकडे बघत होतो. तो नदीकडे बघत होता. वारा आला की त्याचा उजवा हात मांडीवर किंचित हलायचा, सुकाणू धरल्यासारखा. एक मिनिट केवढं मोठं असतं! दुसऱ्या मिनिटाला मला वाटलं, आता पुरे करावं, त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. तिसरं मिनिट भरलं तेव्हा मी म्हटलं, "झालं."

"इतलं?" तो म्हणाला. "इतलामा ते मी दुसरा नाला वलांडी जातू."

"हो."

"म्हंजे मी हारनूच नव्हतू."

"नव्हतास."

मला वाटलं होतं, तो रडेल किंवा मला शिव्या देईल. मी दोन्हीची तयारी करून आलो होतो. त्याच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी आलं. भीती म्हणतात ना, तसं.

"तानू सांगे," तो म्हणाला. "हर सालले सांगे. झेंडा पडना तवय तुमी बसेल व्हतात, म्हने, मी देखं. तठेच उशीर व्हयना, तुमी हारेल नही. मी म्हनू, साहेबनं घड्याळ शे, त्यामा बठ्ठं धरेल ऱ्हास, भाऊसाहेबनी सोता सांगं. तरी ती सांगे. नात गई तवय मी तठे गऊ नही, तवय तिनी मना पाय धरात. तुमी हारेल नही, नावमा बसा, म्हने. मी तिले मारं, भाऊसाहेब. चार मानसंमा मारं. खोटी समजूत काढाले ऊ नको, असं म्हनीसन मारं. मंग ती कधीच बोलनी नही त्यावर. मरे तोवर नही."

मी म्हटलं, "कौतिक, मला माफ कर."

"तुमले माफ कराले काय शे?" तो रागावला नव्हता, खरंच विचारत होता. "तुमी साहेबले भ्यायनात. भेस मानूस. पन तिनी खरं सांगं अन् मार खादा. त्यानं मी आते काय करू?"

मी घड्याळ खिशात घातलं. थोड्या वेळानं मी उठलो. तो बसूनच राहिला, आणि त्यानं मला थांबा म्हटलं नाही.